कुबियाकच्या कॉफीची चार मिनिटं

१९५३ साली डेट्रॉइटजवळच्या एका विमान-कारखान्यात असं ठरलं, की कामगार लिओपोल्ड कुबियाकची यापुढे गरज नाही. गरज फक्त त्याच्या हातांची आहे, आणि तीही एकदाच.

झालं असं, की कारखान्यात धातू कापणारं नवं मिलिंग मशीन आलं होतं. कसबी कामगारानं त्यावर एक नग कापायचा. त्याच्या हातांची हालचाल चुंबकी फितीवर उतरायची. मग फीत लावली की मशीन तोच नग आपलं आपण जन्मभर कापणार. कुबियाकला पेन्शनला आठ महिने उरले होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यानं विमानाच्या पंखातली एक फासळी कापून दिली आणि आपला हात फितीच्या हवाली केला.

फीत लागली. मशीननं अर्धी फासळी कापली आणि ते थांबलं. चार मिनिटं थांबलं. मग पुन्हा चालू.

"हे काय?" व्यवस्थापक विटमरसाहेबांनी विचारलं.

"तेव्हा मी कॉफी घेतली, साहेब."

"म्हणजे कंपनीचं दोन लाख डॉलरचं मशीन कॉफी पितंय?"

"पीत नाही. नुसतं थांबतंय."

चौकशी समिती नेमली गेली. तिनं विराम 'अनुत्पादक' ठरवून फितीतून कापून काढला. पुढच्या एकतीस फासळ्या वाकड्या निघाल्या. कापताना धातू तापतो, निवल्याशिवाय पुढं कापला तर पीळ घेतो. कॉफी हा निव्वळ धातू निवेपर्यंत वेळ काढायचा बहाणा होता. हे कुबियाकनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

विराम सन्मानानं फितीत परत चिकटवला गेला. पण आता कामाचे टप्पे नोंदवणाऱ्या कार्यपत्रिकेत लिहावं लागलं: 'टप्पा सातवा – कामगार कॉफी घेतो.' तपासनीस कार्यपत्रिकेबाहेर एक पाऊल टाकत नसत. कॉफी घेणारा कामगार दिसेना, म्हणून त्यांनी माल अडवला. तेव्हा नवी जागा निघाली: विराम-सहायक. काम, कॉफी घेणे.

दरम्यान जुलै उजाडला होता, कुबियाकला कामावरून काढल्याची नोटीस मिळाली होती आणि पेन्शनला तीन महिने बाकी होते. ते भरले नाहीत, तर पेन्शन बुडणार होती.

"अर्ज कर," बायको यादविगा डब्यात खसखशीचा रोल भरत म्हणाली. "तीस वर्षं हेच तर करतोयस."

"तीस वर्षं मी फासळ्या कापल्यात, बाई."

"ते मला माहीत आहे. त्यांना कॉफी माहीत आहे. लाजू नकोस, जा."

चाचणीला विटमरसाहेब घड्याळ घेऊन बसले. मशीनला नवी कोरी फासळी लावली होती. ती अर्धी कापून होताच कुबियाकनं थर्मास उघडला, कॉफी ओतली, सवयीनं धातूवर तळवा ठेवला. थांबला. पुन्हा ठेवला. एव्हाना चार मिनिटं भरून मशीन आपल्या मनानं सुरूही झालं होतं. कुबियाकनं कप खाली ठेवला, तेव्हा सहा मिनिटं झाली होती.

"फितीवर चार आहेत," साहेब म्हणाले.

"फीत फेब्रुवारीतली आहे, साहेब. आता उन्हाळा. धातू अजून गरम आहे."

"कुबियाक, फितीवरचा माणूस चारात आटोपतो."

"तो मीच आहे."

"होतात. आता तुम्ही त्याच्या तोडीचे राहिला नाहीत."

जागा साहेबांच्या मेहुण्याला मिळाली. तो बरोबर चार मिनिटांत कॉफी संपवी. जुलैभर फासळ्या पुन्हा वाकड्या निघाल्या, आणि त्याबद्दल नवी समिती नेमली गेली.

ही हकीकत जिथं जिथं सांगितली, तिथं ऐकणारे मनमुराद हसतात आणि मग हटकून विचारतात: मशीन पुढं नीट चाललं का? चाललं, थंडी पडल्यावर. तीन महिन्यांवर आलेल्या त्या पेन्शनचं काय झालं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही आधी मशीनचंच विचारणार होता.