शून्य चुकांची प्रयोगशाळा

प्रयोगशाळेत माणसं आठ, सूक्ष्मदर्शक चार, उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर एक आणि एका आठवड्याच्या ईमेलांत इंग्रजी व्याकरणाच्या चुका एकशे त्रेचाळीस. पहिले तीन आकडे कुणालाही माहीत होते. चौथा फक्त मास्तरीणबाईंना ठाऊक होता, कारण तो मोजायला दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

मास्तरीणबाई वयानं सगळ्यांत लहान. दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी. झालेल्या, नोकरी कंत्राटी. हे नावही सहकाऱ्यांनीच ठेवलेलं. फ्रीजरमध्ये त्यांच्या दोनशे सोळा कुप्या होत्या आणि त्यांत दोन वर्षं पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या पेशी. महिनाअखेरीला त्या तपासून बाईंना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ठरणार होतं. तेवढं सोडलं तर बाईंना एकच दुःख होतं. 'रिव्हर्ट बॅक' वाचलं की त्यांच्या दाताखाली खडा यायचा. 'डिस्कस अबाउट' ऐकलं की डावी भुवई आपोआप वर जायची. भुवईवर आपला ताबा नाही, असं त्या अगदी प्रामाणिकपणे सांगत.

शेवटी त्या प्रमुखांकडे गेल्या. "सर, चुका मोजता येतात. आणि जे मोजता येतं ते कमीही करता येतं."

"आलेख निघेल?"

"निघेल, सर."

"मग काढा परिपत्रक."

कामाची प्रत्येक सूचना लेखी, इंग्रजीत आणि मास्तरीणबाईंच्या मंजुरीनंतरच प्रसारित व्हावी, असं परिपत्रक निघालं. तोंडी सूचना ग्राह्य धरली जाणार नव्हती, कारण तोंडी चुकांची नोंद राहत नाही. परिपत्रकात बाईंना दोन चुका सापडल्या. शुद्धिपत्रक निघालं. त्यात एक सापडली. सरांनी त्यापुढे शुद्धिपत्रक न काढता दोन दिवसांची रजा काढली.

पण आलेख खरोखर उतरू लागला. एकशे त्रेचाळीसवरून साठ, साठवरून नऊ. बाईंनी तो भिंतीवर लावला आणि येता-जाता त्याच्याकडे कौतुकानं बघू लागल्या. उताराचं कारण साधं होतं. लोकांनी शब्द लिहिणं सोडून अंगठा पाठवायला सुरुवात केली होती. अंगठ्याला काळ नाही, वचन नाही, आर्टिकल नाही. बाईंनी भांडारातल्या काकांना लेखी विचारलं, हातमोजे आले का? उत्तरात अंगठा आला. त्या भांडारात गेल्या.

"काका, म्हणजे आले की यायचेत?"

"मास्तरीणबाई, एवढं अंगठ्यात मावत नाही हो."

घरीही तेच. आईनं वाढदिवसाच्या शुभेच्छा हौसेनं इंग्रजीत पाठवल्या. बाईंनी त्या तितक्याच प्रेमानं दुरुस्त करून परत पाठवल्या. तेव्हापासून आईचाही अंगठाच येतो.

एका गुरुवारी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं मात्र हिंमत केली. तिच्या आणि बाईंच्या खुर्चीत दोन हातांचं अंतर. मंजुरीसाठी निरोप आला: "डिअर ऑल, फ्रीजर टेम्परेचर आर रायझिंग सिन्स मॉर्निंग, नाऊ मायनस सिक्स्टी टू. प्लीज डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक."

बाईंना चार चुका सापडल्या. चोखंदळ वाचकाला पाच सापडल्या असतील, तर तापमान किती होतं, ते त्यानं वर न बघता सांगावं. आकड्यांना व्याकरण नसतं, म्हणून बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

निरोप लाल होऊन परत गेला. मैत्रिणीनं तो सुधारला. पण ती मुळात काटेकोर, जुना आकडा तिला पाठवणं पटेना. तोवर उणे एकेचाळीस झालं होतं. आकडा बदलला म्हणून वाक्य बदललं, वाक्य बदललं म्हणून मंजुरी नव्यानं घेणं आलं. या खेपेला दोन चुका. शुक्रवारी सकाळी उणे बारा, चूक एक. संध्याकाळी अधिक तीन, चुका नाहीत. बाईंना अगदी भरून आलं. त्यांनी निरोप मंजूर करून सगळ्यांना पाठवला. सात अंगठे आले. त्यांतला एक बाईंचा स्वतःचा होता.

सोमवारी फ्रीजरखालून पाण्याचा ओघळ त्यांच्या खुर्चीपर्यंत आला होता.

"अगं, माझ्या कुप्या होत्या त्यात!" बाई मैत्रिणीवर किंचाळल्या. "तोंडानं सांगता येत नव्हतं का?"

"तोंडी ग्राह्य नाही ना. शिवाय मागे मी बोलायला गेले, तर तुझी भुवई पार केसांत गेली होती."

"मग आपल्या भाषेत सांगायचंस!"

"कामाचं? आपल्या भाषेत?"

आपण दोघी गेली दोन वर्षं लग्नं, आजारपणं, सासवा, सरांचा स्वभाव सगळं आपल्याच भाषेत बोलतोय आणि फ्रीजरपाशी आलो की गप्प होतोय, हे बाईंना पहिल्यांदाच दिसलं. पण ते अहवालात कसं लिहायचं, ते त्यांना सुचेना.

अहवाल मात्र द्यावाच लागला. डोळे पुसत बाईंनी तो इंग्रजीत लिहिला, स्वतःच तपासला, स्वतःच मंजूर केला आणि सगळ्यांना धाडला. पाच मिनिटांत सात उत्तरं आली, सगळी शब्दांत. तिसऱ्या ओळीत एक 'द' राहून गेला आहे, असं प्रत्येकानं कळवलं होतं. काकांनी ती जागा लाल गोल करून पाठवली होती. सरांनी हा 'द' आलेखात कुठे दाखवायचा, याची चौकशी केली होती.

बाई सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. एकेका कुपीतल्या पेशींवर त्यांनी निळा रंग घातला. जिवंत पेशी हा रंग आत येऊ देत नाही, मेलेली देते. दोनशे सोळाही कुप्या तपासून संध्याकाळी त्यांनी नोंद केली.

निळ्या पेशी: शंभर टक्के.