बर्फ कसा वाजतो?

एका जंगलात, मुलांनो, सिंह नव्हता. म्हणजे होता, पण तो युरोपला गेला होता.

परत आल्यावर त्याने सगळ्यांना गुहेत फोटो बघायला बोलावलं. सगळे गेले. राजाचे फोटो न बघण्याची सोय अजून कुठल्याच जंगलात झालेली नाही.

तेव्हापासून तिथे एक चाल पडली. जो युरोपला जाऊन येईल, त्याने संध्याकाळी पांढरी चादर टांगायची, शेजाऱ्यांना बोलवायचं आणि चादरीवर फोटो दाखवायचे. तिकडून आणलेल्या चॉकलेटचा डबा यजमानाच्या मांडीवर असायचा. तो उघडायचा शेवटचा फोटो झाल्यावर, आधी नाही. ही युक्ती कोल्ह्याची, असं म्हणतात. पण कोल्ह्यावर काय, काहीही ढकलता येतं.

टूर करकोचेकाका काढायचे. करकोचे तसेही दर वर्षी तिकडे जात-येत असतातच. काकांनी फक्त एक लाल छत्री घेतली आणि ते टूर मॅनेजर झाले. बाकीचे प्राणी बसने जायचे. मध्ये समुद्र लागत नाही का, असं विचारू नका. गोष्टीत बोलणारं अस्वल चालतं, मग बस का नाही चालणार?

तर ह्या जंगलात शाल्मली नावाचं एक शेकरू राहत होतं. शेपटी मोठी, आवाज छोटा. शाळेत टिटवीबाई हजेरी घ्यायच्या तेव्हा शाल्मली “हजर” म्हणायची आणि ते फक्त समोरून जाणाऱ्या मुंगीला ऐकू जायचं. एकदा बाईंनी तिच्या आईला गाठून विचारलं, “तब्येत बरी नसते का हो तिची? सारखी गैरहजर असते.”

शाल्मलीला “पुरे” हा शब्द उच्चारता येत नसे. तो तिच्या घशाशी यायचा आणि लाजून परत जायचा. त्यामुळे चादरीवर दाखवून झालेले फोटो मंडळी दुसऱ्या दिवशी तिला मोबाईलवर पुन्हा दाखवायची. अस्वलकाका म्हणायचे, “ह्या पोरीला खरी आवड आहे हो.” तिने तो कललेला मनोरा इतक्या काकांच्या तळहातांवर टेकलेला बघितला होता, की मनोरा अजून पडला कसा नाही ह्यापेक्षा काका अजून दमले कसे नाहीत, ह्याचंच तिला नवल वाटायचं.

शाल्मलीला एकच मैत्रीण होती. दुर्वा, साळिंदराची पोर. दुर्वाशी मात्र तिला बोलता यायचं. दोघी फोटोंच्या संध्याकाळी सगळ्यांत मागे बसायच्या आणि एक खेळ खेळायच्या. फोटो दाखवताना यजमान कधी ना कधी म्हणायचेच, “अगदी आपल्या वरच्या पठारासारखं! फक्त तिकडे स्वच्छ.” ते म्हटलं की दुर्वा पाठीवरचा एक काटा उभा करायची. पुन्हा म्हटलं की दुसरा. अस्वलकाकांच्या संध्याकाळी तर दुर्वाची पाठ अशी काही फुलली, की शेजारचा ससा उठून लांब जाऊन बसला. शाल्मली शेपटीत तोंड खुपसून हसत राहिली.

“आपण असं कधी करायचं नाही हं,” शाल्मली म्हणाली.

“आपण जाणारच नाही,” दुर्वा म्हणाली. “आम्हाला बसमध्ये शेजारी कोण बसवून घेणार?”

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात शाल्मलीच्या बाबांनी टूर ठरवली.

निघायच्या आदल्या दिवशी दुर्वा झाडाखाली आली. “मला चॉकलेट नको, मॅग्नेट नको, किल्ल्या अडकवायचं तर मुळीच नको,” ती म्हणाली. “एकच सांग येऊन. बर्फावर चाललं की तो वाजतो कसा?”

“वाजतो?”

“सगळ्यांनी बर्फ दाखवला. वाजतो कसा, ते कोणी सांगितलं का? आम्ही जमिनीवरची माणसं बाई. वाट पायाखाली कशी वाजते त्यावरून आम्ही ती ओळखतो.” साळिंदराने स्वतःला माणूस म्हणवून घेतलं, ह्याकडे तुम्ही लक्ष देऊ नका. बोलण्याच्या ओघात असं होतं.

“सांगेन,” शाल्मली म्हणाली. “आणि फोटो एकही दाखवणार नाही. शपथ.”

“कोणाची?”

“शेपटीची.”

शेकरांमध्ये ह्याच्या वर शपथ नसते.

आता युरोपात काय झालं ते ऐका. पहिले दोन दिवस शाल्मलीने लाल छत्रीशिवाय काही बघितलं नाही. छत्री वळली की सगळे वळायचे. छत्री थांबली की करकोचेकाका शिट्टी वाजवून म्हणायचे, “फोटो काढून घ्या, दहा मिनिटं! ज्यांना मोकळं व्हायचंय त्यांनीही ह्याच दहा मिनिटांत.” नाश्त्याला पोहे असायचे. बसमध्ये आई सगळ्यांना चिवडा वाटायची आणि सगळे म्हणायचे, “घरची आठवण आली हो.” घर सोडून दोनच दिवस झाले होते.

तिसऱ्या दिवशी एका पुलावर बाबा म्हणाले, “शाल्मली, उभी राहा गं तिथे.”

ती उभी राहिली. बाबांनी फोटो काढला. तिने तो बघितला आणि बघतच राहिली. फोटोतली शाल्मली ऐटीत उभी होती. शेपटीवर ऊन पडलं होतं. ही मुलगी “हजर” म्हणाली असती, तर पार नदीपलीकडे ऐकू गेलं असतं. आणि मुख्य म्हणजे, फोटोत काही बोलावंच लागत नव्हतं!

“बाबा, अजून एक,” शाल्मली म्हणाली.

मग काय विचारता! पुलावर एक, पुलाखाली एक, कारंज्यापाशी शेपटी डावीकडे, कारंज्यापाशी शेपटी उजवीकडे. बाबांचा मोबाईल भरला तशी आईच्या मोबाईलमधली चिवड्याची पाककृती पुसून तिथे जागा केली. बर्फाच्या डोंगरावर तर भाड्याचं लाल जाकीट मिळालं होतं. लाल जाकीट आणि पांढरा बर्फ! असा योग पुन्हा येतो का?

शाल्मली परत आली आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी जांभळाच्या झाडाला चादर टांगली.

“आपल्याला नाही दाखवायचे फोटो,” शाल्मली म्हणाली. पण ती हे तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे मुंगीला कळलं. आणि खरं सांगायचं तर, आपलं कोणाला ऐकू गेलं नाही ह्याचं तिला त्या दिवशी फारसं वाईटही वाटलं नाही.

संध्याकाळी सगळे जमले. दुर्वा मागे तिच्या जागी बसली. शेजारची शाल्मलीची जागा तिने पानं झटकून रिकामी ठेवली होती.

बाबांचा घसा तिकडच्या हवेने बसला होता. “शाल्मली, तूच सांग गं,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“हा मनोरा,” शाल्मली पुटपुटली.

“काय? मोठ्याने!” अस्वलकाका ओरडले.

“हा मनोरा. त्याच्यापुढे मी. ह्यात मी पुढे आणि मनोरा मागे. ह्यात नुसता मनोरा, कारण मी छत्रीमागे आहे.”

सगळे हसले. शाल्मलीला आधी धस्स झालं. मग कळलं की ते तिला हसत नव्हते, तिच्या बोलण्यावर हसत होते. तिने आणखी थोड्या मोठ्याने पुढचा फोटो सांगितला. जन्मात पहिल्यांदा सगळं जंगल गप्प बसून तिचं ऐकत होतं. चॉकलेटचा डबा तिच्या मांडीवर होता म्हणून ऐकत होतं, हे खरं. पण ऐकत होतं की नाही?

“आणि ही तिकडची हिरवळ,” ती म्हणाली. “अगदी आपल्या वरच्या पठारासारखी! फक्त तिकडे—”

मागे एक काटा उभा राहिला.

शाल्मलीला तो दिसला. अंधारून आलं होतं, तरी दिसला. आता थांबावं, डबा उघडावा आणि मागे जाऊन त्या रिकाम्या जागेवर बसावं, असं तिला वाटलं.

“छान बोलते हो पोर,” अस्वलकाका म्हणाले.

शाल्मलीने पुढचा फोटो लावला.

दुसरा काटा उभा राहिला. मग तिसरा. काटे दिसू नयेत म्हणून शाल्मली भराभर बोलू लागली आणि भराभर बोलताना तेच ते वाक्य आणखी भराभर तोंडातून निसटू लागलं. तळं? पठारावरच्या तळ्यासारखं. गाय? पठारावरच्या गाईसारखी, फक्त स्वच्छ. ससा आपणहून उठला आणि ठरल्या जागी लांब जाऊन बसला.

“बघा बघा,” शाल्मलीची आई कौतुकाने शेजारणीला म्हणाली, “ऐकताना त्या पोरीच्या अंगावर कसा काटा आलाय!”

मग चादरीवर बर्फ आला. पांढराशुभ्र डोंगर, लाल जाकीट, शेपटीवर भुरभुर.

“हा बर्फ,” शाल्मली म्हणाली.

“दिसतोय,” मागून दुर्वा म्हणाली. “वाजतो कसा?”

सगळे वळून मागे बघू लागले. मग पुढे बघू लागले. शाल्मलीने तोंड उघडलं आणि आठवून बघितलं. बाबा म्हणत होते, “जरा डावीकडे सरक.” करकोचेकाका शिट्टी फुंकत होते. आईने चिवड्याचा पुडा फोडला होता. जाकिटाची टोपी कानांवर होती. आणि पायाखाली? पायाखाली काय होतं?

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“काय? मोठ्याने!” अस्वलकाका ओरडले.

“माहीत नाही!” शाल्मली इतक्या मोठ्याने म्हणाली, की चादर हलली. “मी ऐकलंच नाही. मी फोटो काढून घेत होते. कुरकुर असा आवाज आला, पण तो चिवड्याचा होता!”

शाल्मली चादरीसमोर उभी होती आणि बर्फाचा डोंगर तिच्या तोंडावर पडला होता. लपायला तिच्याकडे शेपटी तेवढी होती, आणि तिचीच शपथ तिने मोडली होती.

“कुठला चिवडा?” दुर्वाने विचारलं.

“मक्याचा.”

दुर्वाने विचार केला. “मक्याचा फार वाजतो,” ती गंभीरपणे म्हणाली. “त्यात बर्फ कसला ऐकू येतोय!”

आणि तिच्या पाठीवरचे सगळे काटे एकदम खडखड करत खाली बसले. शाल्मलीने डबा उघडला, अस्वलकाकांच्या हातात दिला आणि ती मागे त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली. उरलेले फोटो कोणी मागितले नाहीत. चॉकलेट मिळाल्यावर कोण मागतं?

मुलांनो, गोष्ट इथेच संपली असती, तर तात्पर्य फार चांगलं निघालं असतं. टिटवीबाईंनी ते फळ्यावरसुद्धा लिहिलं असतं. पण पुढच्या उन्हाळ्यात दुर्वाच्या मामाने बसची मागची आख्खी सीट घेतली आणि तो भाचीला युरोपला घेऊन गेला.

दुर्वा परत आली तशी थेट शाल्मलीच्या झाडाखाली आली. शाल्मली खाली उतरली, पण जरा बेताबेतानेच.

“घाबरू नकोस,” दुर्वा म्हणाली. “फोटो एकही काढला नाही.”

“खरंच?” शाल्मलीचा जीव भांड्यात पडला.

“खरंच. नुसता आवाज आणलाय.” तिने मांडीवर चॉकलेटचा डबा ठेवला, डब्यावर मोबाईल ठेवला आणि बटण दाबलं. “ऐक. हा सकाळचा बर्फ. हा माझा डावा पाय. आता उजवा येईल.”

उजवा आला. मग पुन्हा डावा आला.

“हा दुपारचा. जरा मऊ वाटतो ना? नीट ऐक. हा मामाचा पाय आहे, माझा नाही. फरक कळतो का?”

“कळतो,” शाल्मली म्हणाली. “पुरे” हा शब्द तिच्या घशाशी आला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि तो परत गेला.

“आता हा उतारावरचा. ऐकलास? अगदी आपल्या पठारावरच्या सुक्या गवतासारखा! फक्त तिकडे—”

शाल्मलीची शेपटी टोकाकडून फुगू लागली. ती शेपटीवरच बसली. शेपटी दोन्ही बाजूंनी बाहेर आली.

“शेपटीला काय झालं गं?” दुर्वाने विचारलं.

“थंडी वाजतेय.”

“हो ना!” दुर्वाचे डोळे आनंदाने चमकले. “नुसतं ऐकूनच थंडी वाजते!” आणि तिने आवाज वाढवला.

शाल्मलीने डब्याकडे बघितलं. डबा बंद होता. मामाचा डावा पाय सुरू झाला होता. ती आणखी जवळ सरकली आणि म्हणाली, “वा!”

तात्पर्य : प्रवासात फोटो काढत बसू नये, डोळे आणि कान उघडे ठेवावेत, असं मोठे लोक सांगतात. त्यांचं ऐकू नका. भरपूर काढा, आणि परत आल्यावर एकूण एक दाखवा. संकटात कोण धावून येतं हे कळायला संकटाची वाट बघावी लागते. पण शेवटच्या फोटोपर्यंत कोण उठून गेलं नाही, हे एका संध्याकाळीच कळतं.