पाटी नसलेली गाडी

आमच्या शेजारचे अंबादासनाना गाणं लावण्याआधी खाकी शर्ट घालतात. शर्ट जुना आहे, त्याची दोन बटणं वेगळ्याच रंगाची आहेत, पण इस्त्री कडक असते. शर्ट घालून ते ओट्यावर खुर्ची टाकतात, डाव्या कानावर तळहात दाबतात, मोबाइल ओठांना चिकटेल इतका जवळ धरतात, त्यात दोनदा फुंकर मारतात आणि सगळी गल्ली जागी होईल अशा आवाजात म्हणतात, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. धारूरहून येणारी हलगी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. वाजवणार, लक्ष्मणराव आणि मंडळी. प्रवाशांनी गर्दी करू नये."

प्रवासी म्हणजे त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे सभासद. गर्दी करायला तिथे कोणी नसतं. त्या वेळी निम्मे प्रवासी अंघोळीला गेलेले असतात.

नाना बीडच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. भोंग्यातून गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले, पण भोंगा काही सुटला नाही. पुतणीच्या लग्नात त्यांच्या हाती माईक दिला, तेव्हा त्यांनी वरात अर्धा तास उशिरानं धावत असल्याचं तीनदा जाहीर केलं. नवरदेवाकडची मंडळी रुसली. मी नानांना म्हटलं, एकदा सांगितलं असतंत तरी कळलं असतं. त्यावर ते म्हणाले, "सर, तुमी शिकवायलाव, पन तुमाला मानूस कळत न्हाई. पयल्यांदा पुकारलं की मानूस दचकतं. दुसऱ्यांदा आयकतं. तिसऱ्यांदा पिशवी उचलतं. तीनदा म्हंजे तीनदा."

मी एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. नानांनी मला न विचारता ग्रुपचा 'असिस्टंट कंट्रोलर' करून टाकलं आहे. पहाटे उठून पाहतो तर मी अ‍ॅडमिन. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमचं घर लागून हाय. नेट गेलं तर भिंतीवरून हाक मारता येती."

ग्रुपचं नाव 'देशी गाणं, बसस्थानक'. त्यामागची तळमळ मात्र खरी आहे. "आपल्या मुलखात गान्याला काय कमी हाय का? पेरताना गानं, लग्नात गानं, मानूस गेलं तरी गानं. अन् लोकं सकाळ झाली की गुलाबाची फुलं धाडायलेत. कावून? फुलं काय मोबाइलात उगवायलीत?" असं म्हणून त्यांनी कायदा केला. सिनेमातलं गाणं आलं, की "ही गाडी आपल्या डेपोची न्हाई" म्हणून परत. गुलाबाचं फूल पाठवलं, की दंड म्हणून त्या माणसानं स्वतः गाऊन पाठवायचं. एका तलाठ्यानं असा दंड भरला आणि तेव्हापासून ग्रुपवर एकही फूल आलेलं नाही.

गाणं देशातलं हवं, मग देशाचं टोक कितीही लांब असू दे. आमच्या ग्रुपमध्ये केजचा एक जवान आहे. त्यानं एकदा पूर्वेकडच्या डोंगरातून तिथल्या बायकांचं पीक कापतानाचं गाणं पाठवलं. नाना हरखले. "लांब पल्ल्याची गाडी हाय सर, इज्जतीनं लावली पायजे." त्या गावाचं नाव इतकं अवघड होतं, की माझी जीभ दुसऱ्या अक्षरालाच अडखळली. नानांनी जवानाला फोन लावून ते चार वेळा म्हणायला लावलं. मग दुपारभर अंगणात येरझाऱ्या घालत घोकलं. मी म्हटलं, नाना, थोडं चुकलं तर कोणाला कळणार आहे? ते थांबून माझ्याकडे असे बघायला लागले, की मी खिडकीतून मागे सरलो. "चुकीचं नाव घेतलं की ते गाव वाटंवरच ऱ्हातंय. तितं उतरनारं मानूस उतरतच न्हाई," ते म्हणाले.

आणि सगळ्यात कडक कायदा पाटीचा. गाण्याआधी गाणाऱ्याचं नाव, गाव, वाद्य, सगळं सांगायचं. नाव नसलेलं गाणं आलं, की नाना ते ऐकतसुद्धा नाहीत. थेट 'सगळ्यांसाठी डिलीट'. खाली एक ओळ: "पाटी नसलेली गाडी फलाटावर लागणार नाही." मी एकदा म्हणालो, निदान ऐका तरी. म्हणाले, "बिनपाटीची गाडी आत घेतली की लोकं धावत सुटत्यात. म्हातारं मानूस पडतंय." त्यांच्या डोळ्यांपुढे खरोखरचा फलाट असतो, त्याला मी काय करणार.

एवढ्या नावांच्या माणसाच्या तोंडून मी एक नाव मात्र कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बायकोचं. काकू होत्या तेव्हा हाक असायची, "आयकलं का". काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून "घरातली" असा उल्लेख होतो. त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, हे मला ठाऊक आहे. आम्हीही सगळे त्यांना काकूच म्हणत आलो, त्यामुळे दहा वर्षांच्या शेजारात मलाही नाव ठाऊक नव्हतं. याची मला आता लाज वाटते.

नाना गाणी गोळा करतात ती निव्वळ हौस, असं मी समजून चाललो होतो. मागच्या श्रावणात आम्ही कपिलधारच्या धबधब्याला गेलो होतो. एक म्हातारे गुरव तिथे संबळ वाजवतात, ते रेकॉर्ड करायचं होतं. धबधब्याच्या आवाजात संबळ बुडून गेला आणि आम्ही नुसतेच दगडावर बसून भिजलेले शेंगदाणे खात राहिलो. नाना एक चाल गुणगुणत होते. ती मला ओळखीची होती. झाडांना पाणी घालताना, भाकरी थापताना ते हीच गुणगुणतात. दोनच ओळींची चाल, आणि ती दर वेळी एकाच जागी तुटते. मी विचारलं, पुढचं का म्हणत नाही?

"पुढचं म्हाईत असतं तर म्हटलं असतं की," नाना म्हणाले. मग पाण्याकडे बघत बोलत राहिले. दिवसभर भोंगा, गर्दी, हॉर्न. घरी आलं की कान फुटायला यायचे. आत घरातली काहीतरी गात असायची. नाना उंबऱ्यातूनच ओरडायचे, "आवाज नगं." ती गप्प व्हायची. रोज तिथंच, त्याच जागी. "रोज तितंच तुटायचं, सर. तीस वर्सं मी गानं तितंच तोडलं. सबूद येक कळला न्हाई. हिवाळ्यात तिच्या माहेराला, चकलांब्याला, जाऊन इचारलं. कुनाला म्हाईत न्हाई. ज्यांना म्हाईत असंल त्या बाया ऊस तोडायला गेलत्या, न्हाईतर वर गेल्यात. म्हनून हे स्थानक काढलं. म्हटलं, सगळ्या मुलखाची गानी पुकारली, तर कदी तरी ते बी लागंल फलाटाला."

इतके दिवस मी ज्या गोष्टीला हसत होतो, ती गोष्ट एवढी साधी होती.

ते गाणं दिवाळीनंतर आलं. आणि ते नानांनीच घालवलं.

ऊसतोडीच्या टोळ्या गावं सोडून गेल्या होत्या. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच बाया तेव्हा कारखान्यांच्या बाजूला कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत, राहतात आणि दुपारी भाकरी खाताना गाणी पाठवतात. अशाच एका दुपारी कौसाबाई नावाच्या नंबरवरून एक आवाज आला. आधी नाव नाही, गाव नाही. मी क्लास संपवून चहा पीत होतो, सहज लावलं. बैलांच्या घुंगरांमागून बायकांचा आवाज आला, "आली गेवराईची गाडी..." आणि चाल ऐकून कप माझ्या हातातच राहिला. ती नानांची चाल होती. ज्या जागी ती तुटायची, ती जागा आली. बाया पुढे गेल्या. आणि मोबाइलवर गाणं नाहीसं झालं. खाली ओळ आली: "पाटी नसलेली गाडी फलाटावर लागणार नाही."

लगेच आणखी एक ओळ आली. कौसाबाई ग्रुप सोडून गेल्या.

मी क्लासमधून तसाच रिक्षा करून घरी आलो. नाना ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी सांगितलं. आधी त्यांनी मानलंच नाही. "तुमाला सुराचं काय कळतंय, सर?" हे खरं आहे, मला काही कळत नाही. म्हणून मी ती चाल म्हणून दाखवली, भसाड्या आवाजात, तुटायच्या जागेच्या एक पाऊल पुढंपर्यंत. नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग ती मोडून परत घातली.

कौसाबाईंचा फोन बंद. कोपीत वीज नसते, फोन ट्रॅक्टरवर चार्ज होतात आणि ट्रॅक्टर उसाच्या मागे असतो. तीन दिवस फोन बंद राहिला. त्या तीन दिवसांत नानांनी ग्रुपवर एकही गाणं पुकारलं नाही. खाकी शर्ट दोरीवरच होता. तलाठ्यानं घाबरून मला विचारलं, नाना बरे आहेत ना, की मी पुन्हा गाऊ?

चौथ्या दिवशी सकाळी फोन लागला. नानांनी तो माझ्या हाती दिला, मग लगेच काढून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"कौसाबाई, मी बीडहून कंट्रोलर बोलायलोय."

"म्हाईत हाय. गानं पुसलं तुमी."

"माजी चूक झाली, बाई." नानांना हे वाक्य बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "पन पाटी कावून लावली न्हाई?"

"गानं माजं न्हाई, तर माजं नाव कसं लावू? गानं तुमच्या मालकिनीचं हाय. माहेराला आली की म्हनायची, तिनंच जुळवलंय. आमी तिच्याकडून शिकलो, उसात म्हनतो. तुमी गावात इचारून गेलाव, ते मागून कळलं. तिचं नाव मी लावलं असतं. पन म्हटलं, ते तुमच्या तोंडून आलं तर बरं. म्हनून पाटी मोकळी ठिवली."

पलीकडून कोयत्यांचा आवाज येत होता. शेवटी कौसाबाईच म्हणाल्या, "धाडू का पुन्यांदा? मुकादम बोलवायलाय."

गाणं आलं. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ते ऐकलं.

आली गेवराईची गाडी, गेली माजलगावची
माज्या धन्याला गं पाठ, नावं साऱ्या मुलखाची

नावं साऱ्या मुलखाची, घेतो मोठ्या आवाजानं
माजं येक नाव ऱ्हायलं, बाई, कोनाच्या भयानं

नानांनी ते रोज दुसऱ्या ओळीनंतर तोडलं होतं, आणि काकूंचं गाऱ्हाणं त्या ओळीच्या पुढेच होतं. त्यांनी गाणं परत लावायला सांगितलं नाही. ते उठून आत गेले. मला वाटलं आता दिवसभर बाहेर येणार नाहीत, आणि मीही क्लासला निघून जावं. पण मी बसून राहिलो, मला त्यांना एकटं सोडवत नव्हतं.

नाना बाहेर आले ते खाकी शर्ट घालून. खुर्चीवर बसले. डाव्या कानावर तळहात दाबला. मोबाइल ओठांपाशी नेला, फुंकर मारली आणि थांबले. रेकॉर्ड झालेलं पुसून टाकलं. परत सुरू केलं, परत पुसलं. तीस वर्षांत एकदाही अडला नाही असा आवाज सकाळच्या उन्हात, आपल्याच ओट्यावर अडला होता. मी दुसरीकडे बघत राहिलो.

तिसऱ्यांदा ते बोलले. एरवी पुकारताना ते शुद्ध बोलतात. त्या दिवशी घरातल्या बोलीत बोलले.

"समद्यांनी ध्यान द्यावं. चकलांब्याचं गानं फलाट येकवर लागायलंय. गानार कौसाबाई अन् तिच्या सोबतनी. गाडीला लई उशीर झाला. चूक गाडीची न्हाई, कंट्रोलरची हाय. गानं जुळवनारीचं नाव..."

पलीकडच्या घराच्या दारात कोणीतरी भांडं घासायचं थांबलं.

"यमुना," नाना म्हणाले. मग जरा थांबून, गावाचं नाव चुकू नये म्हणून घेतात तसं सावकाश, "यमुना." आणि मग मोठ्यानं, तिसऱ्यांदा.