उजव्या बाजूचा बोल्ट

शुक्रवारी सकाळी डाव्या चाकामागचा बोल्ट पान्याच्या एका हिसक्यात सुटला, तेव्हा फिटरसाहेबांना हसूच आलं.

"बघा हेडमास्तर," गाडीखालून डोकं बाहेर काढत ते शेजाऱ्यांना म्हणाले, "ही आमच्या हिची बाजू. तीस वर्षांपूर्वी याच अंगणात आम्ही दोघांनी सस्पेन्शन बसवलं. डावं हिने, उजवं मी. आता उजवा बघा. माझ्या हातचा आहे, सुखासुखी सुटायचा नाही."

स्वयंपाकघराच्या खिडकीत बायकोने हे ऐकलं आणि नळ जरा जोरात सोडला.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटरसाहेबांपेक्षा गाडी फक्त चार वर्षांनी लहान होती. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती आणि यंदा पहिल्यांदाच ते स्टिअरिंग लेकीच्या हाती देणार होते. लेकीचं स्वतःचं गॅरेज होतं. सस्पेन्शनच्या सांध्यातले खिळखिळे झालेले रबरी बुश आपणच बदलते, असं ती म्हणाली होती. पण "तू फक्त चालवायला ये, बाकीचं मी बघतो," असं यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

उजवा बोल्ट हलला नाही. जोर वाढावा म्हणून त्यांनी पडद्याचा पाइप काढून पान्याच्या दांड्यावर चढवला, तर पाइपच वाकला. मग लोखंडी पलंगाचा पाय आला. त्याच्या टोकावर हेडमास्तरांना बसवलं. पाना सटकला, हेडमास्तर शेवंतीच्या कुंडीत जाऊन बसले आणि बोल्टचे कोपरे झिजून गोल झाले.

"सुटला का हो?" कुंडीतून आवाज आला.

"छे! सुटायचं नाव नको!" फिटरसाहेबांची छाती फुगली होती. "याला म्हणतात आवळणं!"

शनिवारी दुपारी घरात पडदा नव्हता, पलंग तीन पायांवर होता, हेडमास्तर कंबर शेकत होते आणि गाडी अजून लोखंडी घोडीवर उचललेलीच होती. फिटरसाहेबांना अभिमान वाटत होताच, पण आता काळजीही वाटू लागली होती. उद्या लेक कशात बसणार?

"अहो, तिला फोन करू का?" बायकोने विचारलं.

"खबरदार!"

तिने तो केव्हाच केला होता.

लेक आली आणि थेट गाडीखाली शिरली. बोल्टवर गंज सुटायचं तेल सोडलं, गॅसच्या ज्योतीने जरा तापवलं, झिजल्या डोक्याला धरणारा पाना लावला. "एकदम सोडायला जायचं नाही बाबा. आधी किंचित आवळायचा, मग किंचित सोडायचा. घाई केली तर मोडतो." तासभर हेच चाललं. शेवटी बोल्ट किंचाळत बाहेर आला.

तिने दोन्ही बोल्ट फडक्यावर शेजारी ठेवले.

"हा गंजका कुणी बसवलाय? ग्रीसचा थेंब नाही. माझ्याकडे कुणी असं केलं तर आठवडाभर झाडू मारायला लावते. आणि हा बघा. तीस वर्षं झाली, अजून आत ग्रीस ओलं आहे. हा बसवणारा खरा कारागीर!"

हेडमास्तरांनी कंबर धरत फिटरसाहेबांकडे पाहिलं.

"तुम्हीच म्हणाला होतात," बायको हळूच म्हणाली, "ग्रीस कशाला, मनगटात जोर पाहिजे. मग मी माझ्यापुरतं गुपचूप लावलं."

चारचौघांत कबूल करणं फिटरसाहेबांना जड जात होतं. पण ओलं ग्रीस दिसलं की फिटरला कळतंच. डावा बोल्ट त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसला आणि शर्टच्या खिशात ठेवला. नवे बोल्ट आणि पाना बायकोच्या हातात दिले.

"दोन्ही बाजू तूच आवळ," ते म्हणाले. "ग्रीसचा डबा मी धरतो."

रविवारी लेक स्टिअरिंगवर होती, शेजारी तिची आई. मागे फिटरसाहेब, आणि उशीवर हेडमास्तर. गाडी थांबेल तिथे लोक जमत आणि फिटरसाहेब खिशातून बोल्ट काढत.

"आमच्या हिने बसवलेला! तीस वर्षं! एका हिसक्यात सुटला, एका हिसक्यात!"

"आणि उजव्या बाजूचा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

पुढच्या सीटवरच्या दोन्ही माना वळल्या. हेडमास्तरांनी उशी सावरली.

"उजवा होय?" फिटरसाहेब म्हणाले. "तो गाडीबरोबरच आला होता."