यांगोना न पिण्याची रीतसर परवानगी

सुवा या आमच्या बेटांच्या देशाच्या राजधानीतल्या वसतिगृहातला इनोके संख्याशास्त्रात एकदा नापास झालेला होता. पुन्हा झाल्यास त्याची शिष्यवृत्ती बंद होऊन त्याला कंदावू बेटावर वडिलांच्या शेतात परतावे लागणार होते. हे त्याला ठाऊक होते, आम्हालाही ठाऊक होते. तरीही संध्याकाळ झाली की आम्ही त्याला हाक मारत असू, कारण घरात असलेल्या माणसाला वगळून प्यायला बसणे आमच्या संस्कृतीत बसत नाही. त्यातून त्याच्या घरची यांगोनाची मुळी अशी, की कुटून पाण्यात कालवली तर दुसऱ्याच करवंटीला जीभ बधिर नि डोळे जड. अशा मुलाला कोण मोकळे सोडतो?

एके दिवशी इनोकेने धीर करून सांगितले, की परीक्षेपर्यंत आपण बैठकीला येणार नाही. आमच्यातले थोरले आपिसाईदादा, जे शेवटच्या वर्षात बऱ्याच वर्षांपासून आहेत, समजुतीने म्हणाले, "अभ्यास कर बाबा, आमचं काही म्हणणं नाही. पण असं नुसतं तोंडी सांगून उठतात होय? आम्ही काय परके आहोत? रीतीनं विचार."

रीत अशी. कुणाकडे काही मागायचे तर यांगोनाची जुडी पुढे ठेवून मागायचे. समोरच्याने ती स्वीकारली की मागणे ऐकले जाते, आणि स्वीकारलेली जुडी तिथेच, मागणाऱ्याला सोबत घेऊन, प्यायची असते. दुसऱ्या दिवशी इनोकेने जुडी आणली. दादांनी टाळ्या वाजवून ती स्वीकारली, त्याच्या अभ्यासू वृत्तीचे तोंड भरून कौतुक केले आणि आम्ही सगळे बसलो. मुळी संपली तरी चर्चा संपली नाही, म्हणून विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्यासाठी नवी जुडी लागणार हे उघडच होते.

अखेर तो विद्यापीठाच्या संतुलन कक्षात गेला. विद्यार्थ्यांचा अभ्यास व सामाजिक जीवन यांत समतोल राखणे हे या कक्षाचे काम. तिथल्या तोरिका मॅडमनी सगळी हकीकत ऐकून डोळे पुसले आणि विचारले, "पण लेकरा, रिकाम्या हातानं आलास?"

कंदावूच्या मुलाच्या पिशवीत जुडी असतेच. कर्मचाऱ्यांनी हातातली कामे बाजूला ठेवून चटई अंथरली. पिता पिता मॅडमच्या लक्षात आले, की हा प्रश्न एकट्या इनोकेचा नसून धोरणात्मक आहे. तत्काळ 'बैठक-सूट समिती' नेमण्यात आली, आणि पीडित म्हणून इनोकेला तिचा कायम निमंत्रित करण्यात आले. समिती रोज संध्याकाळी बसू लागली. तिथून सुटला की तो आमच्याकडे यायचा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली.

एकदा तो माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाला, "दादा, मला खरंच पास व्हायचंय. बाबांना काय तोंड दाखवू?"

मी त्याला एक करवंटी भरून दिली.

परीक्षेला इनोके वेळेवर पोचला, त्याने उत्तरपत्रिकेवर सुवाच्य अक्षरात नाव लिहिले आणि तो झोपी गेला. त्याच सकाळी समितीने त्याला सूट देणारा ठराव एकमताने मंजूर केला होता.

शिष्यवृत्ती वाचवावी म्हणून विनवायला वडील बोटीने आले. त्यांनी यांगोनाचे अख्खे झाड मुळासकट उपटून आणले होते. एवढा मान समितीला कुणीच दिला नव्हता. वडिलांना मानाच्या जागी बसवले, पहिली करवंटी त्यांना दिली, आणि नियमापुढे आपला नाइलाज असल्याचे शेवटच्या करवंटीनंतर अत्यंत आदराने कळवले. बापलेक एकाच बोटीने परत गेले. आम्ही धक्क्यावर जाऊन गाणे म्हटले आणि खरोखर रडलो.

तुम्ही म्हणाल, त्याला साधे 'नाही' म्हणता आले नाही? आले होते की, पहिल्याच दिवशी. ऐकायला कुणी तयार नव्हते. आम्हाला जरूर हसा. फक्त एवढे आठवून पाहा, की परवा तुमच्याकडे पाहुणे आले तेव्हा आत पुस्तक उघडून बसलेल्या पोराला, "अभ्यास काय, रोजचाच आहे, ये बाहेर जरा, बस चार माणसांत," असे कोण म्हणाले होते?