बाविसाव्या पानावर बदली

चित्रवहीच्या चौदाव्या पानावरच्या बगळ्याने बाविसाव्या पानावर बदली मागितली, तेव्हा कुमुदिनी बर्गे यांनी आधी एवढंच पाहिलं, की अर्ज योग्य मार्गाने आलाय का. तो तसा आला नव्हता. त्यांनी तो परत केला. दुसऱ्या दिवशी तो स्टेन्सिलच्या शिफारशीसह पुन्हा आला.

स्टेन्सिल म्हणजे बगळ्याचे वरिष्ठ. प्लॅस्टिकचा पातळ तुकडा, त्यात बगळ्याच्या आकाराची खिडकी. ती कागदावर धरून स्पंजने रंग थोपटला की खाली बगळा उमटतो.

कुमुदिनीबाई फलटणला राहत. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं बदल्यांचं टेबल सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरात कुणाच्याच बदल्या होईनात, तेव्हा त्यांचा जीव रमेना. म्हणून त्यांच्या लेकीने, मृणालने, पुण्याहून जाड पानांची एक वही, रंग आणि स्टेन्सिलं पाठवली. बाईंना हे काम मानवलं. आधी पानावर जुनी पाकिटं, एसटीचं वेळापत्रक, साडीचा काठ असलं काहीबाही चिकटवायचं, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवायचा, तो वाळला की स्टेन्सिल. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नाही. फाइलही अशीच चालते, असं बाईंचं मत होतं.

"अडचण काय आहे?" त्यांनी बगळ्याला विचारलं.

"मॅडम, चौदाव्या पानावर पाणी नाही. खाली वेळापत्रक, वर तपकिरी रंग. सतरा दिवस एका पायावर उभा आहे."

"बगळे एका पायावरच उभे राहतात."

"पाण्यात, मॅडम."

"पाण्याची गैरसोय हे बदलीचं कारण होत नाही. तसं असतं तर अर्धा तालुका रिकामा झाला असता."

बगळ्याने मान जरा खाली घेतली. "दुसरं कारण अर्जाच्या मागच्या बाजूला आहे. पती-पत्नी एकत्रीकरण. बाविसाव्या पानावर आमची मंडळी असते."

बाईंनी कागद उलटून पाहिला. त्यांचे यजमान दिनकरराव पशुधन पर्यवेक्षक होते. लग्नानंतर अकरा वर्षं त्यांची नेमणूक विदर्भाच्या पार टोकाला होती. बाईंनी ह्याच कारणाखाली सहा अर्ज केले होते. सहाही वेळा 'विनंती मान्य करता येत नाही' असं उत्तर आलं; आणि टेबल त्यांचंच असल्यामुळे सहाही वेळा ते त्यांनीच टाइप केलं, स्वतःला दिलं आणि पोच म्हणून सहीही केली.

तरी नियम तो नियम. त्यांनी ओसरीवर बसलेल्या दिनकररावांना हाक मारली. "अहो, जरा तपासणीला या."

दिनकररावांनी चष्मा लावून दोन्ही पानं पाहिली. "हा नर, ती मादी. त्यात शंका नाही. पण कुमुद, दोघं एकाच स्टेन्सिलचे आहेत. म्हणजे सगोत्र झाले."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी सुलट्या बाजूने आलो," बगळा म्हणाला. "ती स्टेन्सिल उलटून आली. तिचं तोंड डावीकडे आहे ते उगाच नाही."

दिनकररावांनी पुन्हा वाकून पाहिलं. "मग माझी हरकत नाही. बाजू बदलली की घराणं बदललं."

आता प्रश्न उरला जागेचा. बाविसावं पान भरलेलं होतं. निळ्या-हिरव्या रंगाचं तळं, काठावर बगळी, आणि उरलेल्या जागेत एक मोठं सोनेरी घड्याळ. ह्या घड्याळामुळेच ते पान रविवारी वाचनालयाच्या प्रदर्शनात लागणार होतं. परीक्षक मंदाताई भोईटे घरी येऊन पाहून गेल्या होत्या, आणि 'पहिला नंबर आलाच म्हणून समजा' असं चहा पिता पिता म्हणाल्या होत्या. बाईंचा आयुष्यात कशातच नंबर आला नव्हता. त्यांनी मृणालला फोन करून ही बातमी दोनदा सांगितली होती.

बाईंनी घड्याळाला बोलावून घेतलं. "चौदाव्या पानावर जायला तुमची काही हरकत?"

"मला कुठेही चार वाजून वीस मिनिटंच होणार," घड्याळ म्हणालं. "पण बाई, तुमचा नंबर?"

"तो माझा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आदेशावर सही केली.

घड्याळ त्याच दिवशी रुजू झालं. बगळ्याला प्रवासासाठी सहा दिवस मिळाले. मंगळवारी तो सोळाव्या पानावर लेसच्या सावलीत विसावलेला दिसला. गुरुवारी त्याची खबर लागेना. दिनकररावांनी वही उजेडात धरून पाहिली, तर अठरा आणि एकोणीस ही पानं डिंकाने एकमेकांना चिकटली होती आणि तो मध्ये अडकला होता. त्यांनी पट्टी घालून पानं हलक्या हाताने सोडवली. बगळ्याच्या शेपटाचा थोडा रंग गेला, पण त्याने तक्रार केली नाही. शनिवारी दुपारी जेवणाच्या आत तो बाविसाव्या पानावर पोचला. बगळीने जरा सरकून त्याला पाण्यात जागा करून दिली. तेवढं पाहून बाईंनी वही मिटली आणि उगाचच ओट्यावरची भांडी पुन्हा लावली.

रविवारी मंदाताई पानासमोर थांबल्या. "इथे घड्याळ होतं."

"त्याची बदली झाली," बाई म्हणाल्या.

"कधी?"

"सोमवारी. विनंतीवरून नाही, प्रशासकीय."

मंदाताई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. प्रशासकीय बदलीपुढे बोलायचं काही नसतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी यादीतलं घड्याळ खोडून तिथे बगळा लिहिला. पहिला नंबर शाळेच्या गल्लीतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या फुलपाखरांना गेला. कुमुदिनीबाईंना उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबा मिळाला. परत येताना दिनकररावांनी तो स्वतःच्या हातात घेतला, आणि वाटेत ओळखीचे भेटले त्या सगळ्यांना, कुणी विचारलं नसतानाही, डबा कशाबद्दल मिळाला ते सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बगळीचा अर्ज आला. प्रसूती रजेचा.

बाईंनी तो लगेच मंजूर केला. दिनकरराव म्हणाले, "नुसती रजा देऊन भागायचं नाही. घरट्याला काटक्या लागतील." मग दोघं टेबलाशी बसली. दिनकररावांनी सुतळीचे बारीक तुकडे कातरून द्यायचे आणि बाईंनी तळ्याच्या काठाला एकेक डिंकाने चिकटवायचा, असं चाललं. संध्याकाळचा चहा तसाच राहिला.

"एवढ्या पुरे?" दिनकररावांनी विचारलं.

बाईंनी बगळीला विचारलं.

"अजून दोन म्हणतेय," त्या म्हणाल्या.