वर दुरुस्तीले कोन जाईन?

आमच्या आंधळगावात नवी वस्तू घेतली की ती आधी हेडाऊकाकांपासून लपवावी लागे. माझं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या नजरेस पडलं आणि घात झाला. मोटारसायकलला बांधून त्यांनी ते आंबागडच्या खडबडीत रस्त्यानं हिंडवून आणलं. मग टिनाच्या छपरावर भर उन्हात ठेवलं, आणि तिथून थेट फ्रिजमध्ये. घड्याळानं मान टाकली.

"बरं झालं, खालीच मेलं," काका खूश होऊन म्हणाले. "वर दुरुस्तीले कोन जाईन?"

"काका, मले ते भिंतीवर लावाचं होतं!"

"मंग? भिंत का खाली असते?"

कोष्ट्याच्या घरातला हा माणूस. बाप कोशाच्या साड्या विणायचा, हा पोरगा बंगळुरात बसून अंतराळयानांची सर्किटं आखायचा. जन्मभर प्रत्येक सर्किट असंच हादरवून, तापवून, गोठवून पाहिलं. ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही, आणि भोगलं आम्ही शेजाऱ्यांनी.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास काकूंच्या हट्टापायी दोघं गावी परतले. वर्षभरातच काकूंना लकवा झाला. वाचा गेली. "त्यांना आता काही समजत नसावं," भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले.

काकांनी काकूंच्या बऱ्या हाताखाली एक बटन बसवलं. 'हो' म्हणायचं असेल तर दाबायचं, घंटी वाजेल. त्या बटनालाही ऊन, फ्रिज, आंबागडचा रस्ता, काहीच चुकलं नाही. बटन पक्कं निघालं. घंटी मात्र एकदाही वाजली नाही.

तरी काका दिवसभर बोलत. भात करपला, नळ आला नाही, अमकीच्या पोरीचं लगीन जमलं. प्रत्येक वाक्यानंतर बटनाकडे बघत थांबायचे, मग पुढचं सांगायचे. बघून माझा जीव तुटायचा.

एकदा न राहवून मी म्हणालो, "काका, काहून सोताले तरास देऊन राहिले? काकूले ऐकू जात नाही."

"यान चूप झालं म्हंजे मेलंच असं नसते, बाबू. बोलाचं यंत्र गेलं असन, ऐकाचं चालू राहू शकते. आमी हाक मारतच राहतो."

"आन् उत्तर नाहीच आलं तं? कवापर्यंत मारता?"

"एक दिवस मोठ्या साहेबाचा हुकूम येते, आता बंद करा म्हनून." काकांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "इथं हुकूम देनारं कोन आहे?"

काका काकूंच्या कानाशी वाकले आणि आज बाजारातली वांगी किडकी निघाली, ते सांगू लागले.